दहा माणसांची गाडी

मिरज स्टेशनच्या बाहेर गाडी सुरू करण्याआधी तो आतला आरसा वर फिरवायचा. पार छताकडे. मग मागच्या सीटवर कोण काय करतंय हे त्याला दिसायचं नाही. गाडी चालवणाऱ्यानं असं करू नये हे मला कळतं, आणि त्यालाही कळत होतं. फौजेतली सगळी नोकरी त्यानं ट्रक चालवण्यात काढली होती. पण मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "भायेरचं दोन आरसं हायत की. आतलं बघायचं माझं काम न्हाई."

हे फक्त परतीच्या वाटेवर.

तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर तुम्हाला हे नवीन नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे रजा संपवून फौजी निघाला की त्याला पोचवायला सगळं घर जातं. आई, बाप, बायको, पोरं, चुलता-चुलती, बहीण माहेरी आलेली असेल तर ती, आणि शेजारची एखादी म्हातारी, जिला कुणी बोलावलेलं नसतं. टपावर काळी लोखंडी ट्रंक आणि बिस्तरा. रेल्वे सुटते, उरलेली माणसं परत गाडीत येऊन बसतात, आणि मधली एक जागा रिकामी राहते. त्या वेळी आरसा वर.

तो खाली यायचा येरळा नदीच्या पुलावर. पूल दिसला की स्टेअरिंगवरचा मेजर मोठ्यानं सांगायचा, "पूल आला गंऽ." म्हणजे आता पुरे. पदरानं तोंडं पुसली जायची. पुलापलीकडं एक रसवंती होती, तिथं गाडी थांबायची आणि सगळ्यांनी रस प्यायचा. हा नियम कधी कुणी ठरवला माहीत नाही, पण कडेगावच्या आसपासच्या सगळ्या घरांना तो पाठ होता. बायका एकमेकींना बजावून सांगायच्या, "पुलापतुर काय ते रडून घे बाई. म्होरं मेजर रडू देत न्हाई."

मेजर तो नव्हता. आमच्याकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो तिथं भाकऱ्या भाजत का असेना. हा नाईक होता, हवालदाराच्याही खालचा. सुरुवातीला तो लोकांना दुरुस्त करायचा, "मेजर न्हाई, नाईक." मग कंटाळला. मीही इथं त्याला मेजरच म्हणणार आहे. त्याचं नाव सांगणार नाही. माझ्या हातून त्याच्याबद्दल एकदा छापून झालंय, ते पुरे आहे.

त्याची गाडी तुम्ही पाहिली असणार. तीच नाही, पण तसलीच. पांढरी, उंच, अगडबंब. चढायला पायरी लागायची, वळायला अख्खा चौक. पुढे तो आणि एक जण, मधे चार, मागे समोरासमोरच्या बाकांवर चार. दहा माणसं. लोक तिला रेडा म्हणायचे. एके काळी आमच्याकडे पुढारी ओळखायचा तो या गाडीवरून. पंचायत समितीसमोर, साखर कारखान्याच्या गेटवर, लग्नाच्या मांडवाबाहेर अशा पाच-पाच गाड्या ओळीनं उभ्या असायच्या. काळ्या काचा, बॉनेटवर झेंड्याची दांडी. मग कंपनीनं ही गाडी बनवायचं बंद केलं. पुढाऱ्यांनी नव्या घेतल्या आणि रेडे एकेक करून रस्त्यावरून दिसेनासे झाले. एक मी मळ्यात पाहिला, त्यात कोंबड्या होत्या. एक चाकं काढून विटांवर उभा होता, आत खताची पोती. एकाच्या टपावर शेवग्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

मला असल्या गाड्यांचा राग होता आणि आहे. कॉलेजात असताना माझी सायकल असल्याच एका गाडीनं मागं येताना चिरडली. मी बाजूलाच उभी होते. आतल्या माणसानं काच चार बोटं खाली केली, म्हणाला, "सायकल कुठं लावायची कळत नाही का?" आणि काच वर. त्या चार बोटांच्या फटीतून माझी चळवळ सुरू झाली, असं आमच्यातला एक जण म्हणतो. आम्ही पाच-सहा जण होतो. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, आणि कागदाची रिमं. 'रस्ता कुणाच्या बापाचा?' हे आमचं पहिलं पत्रक. एसटी वेळेवर सोडा, शाळेसमोर गाड्या लावू नका, चालणाऱ्याला चालू द्या. मागण्या साध्या होत्या. भाषा साधी नव्हती.

त्या पत्रकावर मी एक फोटो छापला. कडेगावच्या एसटी स्टँडसमोर रस्त्यात आडवी उभी पांढरी गाडी, बॉनेटला झेंडूचा जाडजूड हार, भोवती माणसांचा घोळका. खाली मी लिहिलं, 'पुढाऱ्याचा सोळा फुटी रणगाडा. जनतेनं गटारातून चालावं.' एवढ्यावर थांबले नाही. जुन्या, कालबाह्य, धोकादायक गाड्यांची कसून तपासणी करा, असा अर्ज आरटीओला दिला. खाली गाड्यांच्या नंबरांची यादी जोडली. फोटोतल्या गाडीचा नंबर यादीत पहिला.

आठवड्यानं जिना चढून एक माणूस आला. पांढरा शर्ट, खाकी पँट, खांद्यावर टॉवेल, हातात आमचं पत्रक, व्यवस्थित चार घड्या घातलेलं.

"ह्ये तुमी लिवलंय व्हय ताई?"

"हो."

"झ्याक लिवलंय." त्यानं पत्रक टेबलावर ठेवलं, हातानं सपाट केलं. "पर दोन चुका हायत ह्यात."

मी मनात म्हटलं, आला वकील.

"एक म्हंजी ही गाडी पुढाऱ्याची न्हाई. माझी हाय. दुसरं, तुमी लिवलंय सोळा फूट. पावणेपंधरा हाय. टेप लावून मोजलीया मी काल."

"पावणेपंधरासुद्धा जास्तच झाले."

"व्हय," तो म्हणाला, "जास्तच हायत."

पत्रक काढणाऱ्या माणसाचं एक असतं. समोरचा भांडला तर सोपं जातं, हो म्हणाला की पंचाईत होते. मी आवाज चढवला. "आणि हार कशाला घातला होता मग?"

"पोरगं पयल्यांदा डूटीवर निघालं हुतं. त्याच्या आयनं घातला. नगं म्हनायचं का तिला?"

"आणि रस्त्यात आडवी?"

"ट्रंक चढवत हुतो टपावर. पाच मिण्टं. त्ये चुकलंच माझं." मग त्यानं पत्रकाची परत घडी घातली. "पर पुढाऱ्याची नगा म्हनू. त्ये जरा लागलं."

मी म्हटलं, पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापते. माफी हा शब्द मी वापरला नाही. मला तो लवकर येत नाही. अर्जाचं तर मी बोललेच नाही.

जिन्यावरून तो परत वळला. "ऐतवारी मिरजंला जायाचं हाय. या तुमी. बघा अन् मग लिवा."

गेले. कशाला खोटं सांगू, त्याच्यातली काहीतरी चूक सापडेल म्हणून गेले.

गाव कडेगावपासून जवळच. विलास नावाचा जवान रजा संपवून निघाला होता. सहा महिने नोकरी राहिली होती, मग तो कायमचा घरी येणार होता. त्याची आई, सगळे तिला आक्का म्हणत, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. तिला गाडीत चढवणं हा एक कार्यक्रम होता. मेजरनं पुढचं सीट पार मागं सरकवलं, पायरीवर लाकडी ठोकळा ठेवला, आणि तिला पाठीमागून काखेत धरून वर घेतलं.

"आरं ए मुडद्या, आधी माझा पाय घे, मग मला घे!"

"पाय तुमचाच हाय न्हवं आक्का? संगंच यील की."

"लय शाना झालायस." बसल्यावर तिनं पाय सरळ पसरला आणि मागं वळून मला सांगितलं, "त्या बारक्या गाड्यांत मला आडवी घालून न्यावी लागंल. अन् तशी मी एकदाच जानार हाय."

पुढची जागा नेहमी आईची. जवान मधे, बायको-पोरांच्या शेजारी. जाताना गाडीत नुसता कालवा. विलासची धाकटी मुलगी पाच वर्षांची, तिला खिडकी हवी होती, खिडकीत चुलत्याचं पोट होतं. तासगावपर्यंत ते भांडण चाललं.

सतरा वर्षांपूर्वी, पेन्शनीत आल्या आल्या, मेजरनं ही गाडी एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली होती. घेतल्यावर पहिल्या फेरीत त्यानं पोचवला तो विलास. मिसरूड न फुटलेला. त्यानंतर दर रजेला नेला आणि आणला. इतरही किती घरं, पण हे पहिलं. फलाटावर रेल्वे लागली तेव्हा आक्का मेजरच्या खांद्याला धरून उभी होती. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून झाल्यावर ती मुलाशी काही बोलली नाही, मेजरकडं वळली.

"तू न्हेलायस. तूच आनायचास. ह्याच गाडीतनं."

"आनतो आक्का."

"म्होरल्या टायमाला मग कुनी न्हेनार न्हाई त्याला. एकडाव आन, मग तू मोकळा."

"आनतो म्हनलं की."

बोलताना माणूस असं म्हणतोच. पण मेजरनं ते हुकूम म्हणून घेतलं. मी शेजारीच होते, मला दिसलं. त्याचे पाय जुळले होते.

परत निघालो. आरसा वर गेला. मी मागच्या बाकावर होते. मघाचा कालवा कुठं गेला कळेना. विलासच्या बायकोनं डोकं खिडकीला टेकवलं होतं, चुलता सारखा नाक शिंकरत होता, आणि धाकटीला आता खिडकी मिळाली होती तर ती तिला नको होती. "पप्पाच्या जाग्यावर मी बसू?" तिनं विचारलं. माझं त्या घरात कुणी नाही, माझ्या घरातलं कुणी फौजेत नाही. तरी मीही रडले. कुणी बघणार नाही एवढी सोय त्या गाडीत होती.

"पूल आला गंऽ."

रसवंतीवर आक्का गाडीतच बसून राहिली आणि तिथूनच ऑर्डर सोडली. "ह्या पत्रकवालीला मोठा गलास द्या रं. लयच काटकी हाय. अन् बरफ नगं."

त्या सोमवारी मी दुरुस्ती छापली. 'गाडी पुढाऱ्याची नसून एका माजी सैनिकाची आहे. लांबी पावणेपंधरा फूट.' आमच्यातले लोक मला हसले.

आणि त्याच महिन्यात गाडी तपासणीला गेली. गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा एकदा पाच वर्षांची मुदत वाढवून मिळाली होती. तीही आता संपत आली होती. विलास यायच्या महिनाभर आधी संपणार होती. पुन्हा वाढवून घ्यायची तर गाडी पास व्हायला हवी. मेजरनं चार दिवस राबून गाडी धुतली, पुसली, दिवे बदलले. आरटीओच्या मैदानावर साहेबांनी स्टेअरिंग हातात धरून डावी-उजवीकडं हलवलं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगच चांगलं वीतभर फिरत होतं. याला प्ले म्हणतात. स्टेअरिंगचा बॉक्स झिजला की असं होतं. साहेबांनी सांगितलं, बॉक्स बदला, मग आणा. आणि बोलता बोलता म्हणाले, या गाडीबद्दल अर्ज आलाय, तेव्हा डोळेझाक करता येणार नाही.

हे मला मेजरनंच येऊन सांगितलं. कुणाचा अर्ज, हे त्याला माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसले होते ती उभी राहिले.

"मेजर, तो अर्ज माझा आहे."

तो म्हणाला, "हाय का त्येची परत?"

मी कपाटातून काढून दिली. त्यानं यादीवरून बोट फिरवलं. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. "नंबर बरूबर लिवलाय."

"मी अर्ज मागं घेते."

"घिऊन काय हुतंय? प्ले हाय त्यो हाय की. मलाबी ठावं हुतं. हळू चालवायचो म्हनून निभलं." त्यानं अर्ज परत दिला. "तुमचं चुकलं न्हाई ह्यात. आता बॉक्स हुडकायचा."

बॉक्स हुडकायचा म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. कंपनी गाडी बनवत नाही म्हणजे तिचे भागही बनवत नाही. कराडला विचारलं, सांगलीला विचारलं. दुकानदार हसायचे. शेवटी कुणीतरी म्हणालं, शिरवळला हायवेच्या कडेला भंगाराचं आवार आहे, तिथं असल्या गाड्या येतात. आम्ही एसटीनं गेलो. मी का गेले? मला घरी बसवेना म्हणून.

आवारात लहान गाड्यांचे ढीग होते, एकावर एक. आवारातला माणूस म्हणाला, "त्या व्हय? आता कुठल्या? होत्या तवा लय होत्या. पत्रा जाड, वजन भारी, आल्या आल्या कापायच्या. मागल्या दिवाळीला शेवटची कापली." कोपऱ्यात एक अर्धी गाडी पडली होती, मागचा भाग फक्त. समोरासमोरची बाकं तशीच. मेजर त्या बाकावर जाऊन बसला. उठला. "चला," म्हणाला.

मग उरली एकच गाडी. म्हसवडच्या वाटेवर एका गावात एका पुढाऱ्याचा बंगला आहे. त्याच्या दारात, खास बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, असाच एक पांढरा रेडा उभा आहे. पहिली निवडणूक साहेब त्या गाडीतून फिरून जिंकले, म्हणून ती लकी. ती कुणी चालवत नाही. रोज सकाळी तिला पाइपनं आंघोळ घालतात, हार घालतात, उदबत्ती ओवाळतात. आणि त्याच साहेबांच्या ताज्या, काळ्या, आणखी मोठ्या पाच गाड्या मुलींच्या शाळेच्या गेटसमोर उभ्या असतात, यावर आमचं दुसरं पत्रक होतं. म्हणजे मी त्या बंगल्यात जाणं किती सोयीचं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. गेलो मेजरच्याच गाडीनं, तिची मुदत अजून संपली नव्हती. मी गाडीतच बसते म्हटलं. मेजर म्हणाला, "आत चला. चोरासारकं भायेर कशाला बसायचं?"

साहेब नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ ओसरीत झोपाळ्यावर होता. त्यानं मला लगेच ओळखलं.

"अरे वा, रणगाडावाल्या ताई! बसा बसा. आमच्या दारात तुम्ही, म्हणजे नशीबच आमचं."

मेजरनं सगळं नीट सांगितलं. गाडी, मुदत, आक्का, विलास. भाऊ ऐकत होता. ऐकून खरंच विरघळला असावा, कारण म्हणाला, "फौजीसाठी आपण काय पण करू. तसा तो बॉक्स आम्हाला कशाला पाहिजे? गाडी काय जागची हलत नाही. काढून न्या." आणि झोका थांबवून माझ्याकडं बघितलं. "फक्त ताईंनी चार ओळी लिहून द्याव्यात. शाळेसमोरच्या गाड्यांचं जे छापलं, ते खोटं होतं. झालं. आम्हाला बाकी काही नको."

मी मेजरकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. कागद आला, पेन आलं. माझ्या आयुष्यात मी छापलेलं एक अक्षर मागं घेतलं नव्हतं, मेजरच्या गाडीची दुरुस्ती सोडून. पण अर्जही माझाच होता, नंबरही मीच लिहिला होता. मी लिहिलं. चार ओळी. खाली सही तेवढी राहिली होती.

"थांबा," मेजर म्हणाला. "आधी बघून घेतो बॉक्स कसा हाय."

शर्ट काढून तो शेडमध्ये गेला आणि गाडीखाली सरकला. दोन मिनिटं झाली असतील. बाहेर आला, शर्ट घातला.

"सही नगा करू ताई. सडलाय."

"सडेल कसा?" भाऊ उठून उभा राहिला. "रोज धुतो आम्ही गाडी!"

"त्येच तर. रोज धुतली अन् कवा चालवली न्हाई. खालनं पार गेलीया." त्यानं हात जोडले. "येतो दादासाहेब."

गावाबाहेर आल्यावर माझं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. स्टेअरिंगवर ठेवलेले हात. त्यांवर गंजाचा कण नव्हता, ग्रीसचा डाग नव्हता. खांद्यावरचा टॉवेलही कोरडा, पांढरा.

"मेजर, बॉक्स सडलेला नव्हता."

त्यानं गिअर बदलला.

मला राग आला. माझ्यासाठी कुणी काही सोडलेलं मला आवडत नाही. "गाडी वळवा. मी सही करते. माझी सही आहे, तुम्ही कोण ठरवणार?"

"शाळंम्होरं गाड्या लागत्यात का न्हाई?"

"लागतात."

"पोरी त्यातनं वाट काडत जात्यात का न्हाई?"

"जातात."

"मग खोटं हाय म्हनून कसं लिवणार तुमी?"

"आणि आक्का? तिला काय सांगणार?"

एक घाट उतरून झाला. मग तो म्हणाला, "रागावंल म्हातारी. रागावू दे."

मुदत संपली त्या दिवशी त्यानं गाडी घरामागं लावली आणि बॅटरीची वायर सोडवली. कुणी धरत नाही, एक फेरी मार, असं दहा जणांनी सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. आणि आक्का रागावली नाही, तिनं बोलणंच टाकलं. तिची सून मला म्हणाली, "सासूबाई म्हनत्यात, मी दारातच बसून वाट बघते. माझं काय मेलं."

गाड्यांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण शेवटी ते सांगायची इच्छा राहणार नाही. महिनाभरानं मेजरची गाडी शिरवळला गेली, दुसऱ्या गाडीच्या मागं, साखळीनं. मेजरही आता शिरवळलाच असतो, एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला. जवान अजून जातात आणि येतात. आता त्यांना पोचवायला भाड्याची छोटी गाडी येते. ड्रायव्हर धरून चार माणसं, ट्रंकेऐवजी चाकांची बॅग. बायको जाते, एखादा भाऊ जातो. आई दारातून हात हलवते. मला मोठ्या गाड्या रस्त्यावरून कायमच्या जायला हव्या होत्या. तुम्हीच मोजा, गेल्या का? शाळेसमोर काळ्या गाड्या पाचाच्या सात झाल्या आहेत, आणि प्रत्येकीत एक माणूस असतो. गेल्या त्या फक्त दहा माणसं बसायची त्या. माझी मागणी अजून तीच आहे. पण आता पत्रक लिहिताना मी आधी आत किती माणसं बसलीत ते बघते.

विलास यायच्या आधी आठ दिवस मी डेपोत गेले. डेपो मॅनेजर मला बघून कपाळाला हात लावायचे, इतके माझे अर्ज तिथं पडलेत. मी म्हटलं, आज तक्रार नाही, गाडी हवी आहे. कराराची बस. लग्नाला देता तशी. त्यांनी दिली. मला वाटतं सुटकेच्या आनंदात दिली.

बसमध्ये चाळीस माणसं झाली. एरवी दहांत न बसणारे सगळे शेजारीपाजारी आले. आक्का येणार नाही म्हणत होती. मेजर तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "त्या गाडीतनं न्हाई जमलं आक्का. चुकलो. पर आनतो म्हनलं हुतं त्ये आनतोय. चला."

ती उठली. पुढच्या सीटवर बसून तिनं पाय दारापर्यंत पसरला. कंडक्टर म्हणाला, "आजी, पाय आत घ्या." आक्का म्हणाली, "वाकत न्हाई म्हनून तर सरकारची गाडी आनली."

मेजर तिच्या मागच्या सीटवर. वाटेत प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

मिरजेला विलास उतरला, आईच्या पाया पडला, आणि बाहेर येऊन इकडंतिकडं बघायला लागला. "मेजर, गाडी?"

"तिचं कागद सपलं."

विलासनं ट्रंक खाली ठेवली. "माझंबी सपलं," तो म्हणाला, आणि दोघं हसले.

गावाच्या फाट्यावर पोरांनी उघडी जीप सजवून ठेवली होती, मागं डीजे. आजकाल कायमचा घरी येणाऱ्या जवानाची अशी मिरवणूक काढतात. विलासला हारांनी कानापर्यंत भरून जीपवर चढवलं. मिरवणूक हलली. बस ड्रायव्हर म्हणाला, "म्होरं गल्ली बारकी हाय, आमची गाडी आत जानार न्हाई." आणि आक्काला तर जीपवर चढता येईना. घर तिथून चांगलं अर्धा किलोमीटर.

मेजरनं फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली प्लास्टिकची खुर्ची आणली. आक्काला तीत बसवलं, पाय पुढं सरळ. चार जणांनी चार बाजूंनी उचललं, पुढची उजवी बाजू मेजरची. पुढं डीजे, जीप, नाचणारी पोरं, आणि त्यामागं ही खुर्ची. "हळू रं! वरात न्हाई माझी!" आक्का ओरडत होती. लोक हसत होते.

जीपवरून विलासनं मागं वळून बघितलं. उडी टाकून खाली आला, हार सावरत गर्दीतून उलट्या दिशेनं चालत खुर्चीपाशी पोचला. मेजरनं आपली बाजू त्याच्या हातात दिली. "नीट धर. ह्या अंगाला वजन जास्ती हाय."

आक्काला त्याची नुसती पाठ दिसत होती. "कोन आला रं?"

"मी हाय, आय."

"मग दमानं चाल."

खुर्ची पुढं गेली. मी मागं वळून बघितलं. फाट्यावर बस वळवायला जागा अपुरी होती. मेजर तिच्या मागं उभा राहून पत्र्यावर थापा मारत होता, "येऊ द्या, येऊ द्या, आजून येऊ द्या." बस वळली. तो दारापाशी धावत गेला, दांड्याला धरून आत चढला. डेपोपर्यंत बसमध्ये तेवढा एकच प्रवासी होता.